तबकडीची चाल

यंत्राने किती वेगाने चालावे आणि तो वेग कोणी ठरवावा, हा प्रश्न आम्हा कामगार चळवळीतल्या माणसांच्या रोजच्या भाकरीबरोबरचा आहे. पट्ट्याची गती थोडी वाढली की दुसऱ्या पाळीची माणसे संध्याकाळी आमच्या दारात उभी राहतात. म्हणून व्याख्यानमालेच्या चालकांनी यंदा यंत्रविद्येच्या इतिहासातला एखादा विषय घ्या असे सुचविले, तेव्हा आम्ही वाफेचे इंजिन किंवा कापडाचा माग न निवडता एक अगदी लहान चाक निवडले. रुंदी १२ सेंटिमीटर, जाडी जेमतेम सव्वा मिलिमीटर, मध्ये एक भोक. आपण तिला सीडी म्हणतो. प्रकाशाच्या किरणाने वाचली जाणारी ही तबकडी फिरताना तिचा वेग कोण सांभाळतो, एवढाच आजचा विषय आहे. आमचे शिक्षण शाळेत फार झालेले नाही. जे कळले ते वाचनालयाच्या बाकावर आणि दुरुस्ती करणाऱ्या कारागिरांच्या टेबलाशी उभे राहून कळले. सांगण्याची रीत त्यामुळे जरा गावठी वाटेल, त्याला इलाज नाही.

वेग म्हणजे काय, हे आधी ठरवून घेतले पाहिजे, कारण फिरणाऱ्या वस्तूला एक वेग नसतो. ज्यांनी जुने खळे पाहिले आहे त्यांना हे सांगायला नको. मधल्या खांबाला, म्हणजे तिवड्याला, बैलांची पात जुंपलेली असे. सगळे बैल एक फेरा एकाच वेळी पुरा करीत. पण तिवड्याजवळचा बैल जागच्या जागी पावले टाकी आणि कडेचा बैल जवळजवळ पळे. म्हाताऱ्या, थकल्या जनावराला आतल्या अंगाला जुंपायचे हे शेतकऱ्याला कोणत्या पुस्तकात वाचावे लागले नाही. फेरे सारखे, चाल वेगळी. तबकडीच्या साऱ्या इतिहासातला तिढा हाच आहे. आस सारखा फिरवायचा, की वाचणाऱ्याच्या खालून जाणारी वाट सारख्या चालीने जाऊ द्यायची? दोन्ही एकदम साधत नाहीत.

एमिल बर्लिनरने १८८७ साली सपाट तबकडीच्या ग्रामोफोनचे पेटंट घेतले. त्याचे पहिले यंत्र हाताने फिरवीत. हात थकला की गाणारा मंद होई आणि सुरात खाली उतरे. १८९६ साली अमेरिकेतल्या कॅम्डेन गावच्या एल्ड्रिज जॉन्सन नावाच्या यंत्रकारागिराने त्याला स्प्रिंगची मोटार करून दिली आणि तिच्यावर गव्हर्नर बसविला. गव्हर्नर ही कल्पना जुनी. जेम्स वॉटने १७८८ साली वाफेच्या इंजिनावर दोन फिरते गोळे बसविले होते. इंजिन जोरात फिरू लागले की गोळे बाहेर फाकत आणि वाफेची वाट आखडत. चावीच्या ग्रामोफोनात पातळ पट्ट्यांवर बसविलेली लहान वजने तेच काम करीत. ती फाकली की एक चकती सरके आणि नमद्याच्या तुकड्याला घासून वेग उतरे. शेजारच्या लहान स्क्रूने हा नमदा पुढेमागे करता येई. या यंत्रात हुकूम आसाला होता. आसाने ठरल्याप्रमाणे फिरावे. वर काय लिहिले आहे, कोण गाते आहे, याची त्याला खबर नसे.

हिंदुस्थानात हे यंत्र लवकर आले. नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यात फ्रेड गाइसबर्गने गौहर जानचे गाणे मुद्रित केले. त्या तबकड्या जर्मनीत हॅनोव्हर येथे छापल्या जात, आणि छापणाऱ्याला कोणाचे गाणे ते कळावे म्हणून गाणारी शेवटी आपले नाव उच्चारी. हॅनोव्हर हे नाव ध्यानात असू द्यावे, ते पुन्हा येणार आहे. पुढे आपल्याकडचे बालगंधर्व, केशवराव भोसले, मास्टर कृष्णराव, हिराबाई बडोदेकर हे सारे तीन-साडेतीन मिनिटांच्या अशा तबकड्यांतून घरोघर पोचले.

ज्यांना आपण आज सरसकट ७८ च्या तबकड्या म्हणतो त्या सगळ्या मिनिटाला ७८ फेऱ्यांवर मुद्रित झालेल्या नाहीत. पहिली पंचवीस-तीस वर्षे मुद्रणाचा वेग ७० च्या आसपासपासून ८० च्या वरपर्यंत कोठेही असे. विजेच्या मोटारी आल्यावर आकडा स्थिरावला, आणि तोही विजेच्या हिशेबाने. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, म्हणून दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. वर्तुळावर ७७ काळ्या रेघा काढलेला कागद तबकडीवर ठेवून दिव्याखाली फिरवला आणि रेघा जागीच उभ्या दिसल्या, की वेग मिनिटाला ७७.९२ फेरे. अमेरिकेची वीज ६० आवर्तनांची, तिकडे ९२ रेघा आणि ७८.२६ फेरे. एका आण्याच्या छापील कागदाने काम होई. यंत्र तपासण्याची इतकी स्वस्त आणि इतकी चोख युक्ती आमच्या पाहण्यात दुसरी नाही.

आसाचा वेग असा चोख झाला तरी खळ्यातला तिढा राहिलाच. दहा इंची तबकडीच्या कडेला सुईखालून सेकंदाला जवळजवळ एक मीटर वाट जाते, आतल्या शेवटच्या वळणावर त्याच्या निम्म्याहून कमी. तेवढ्याच काळाची गोष्ट अर्ध्या जागेत कोंबली की आवाज घुसमटतो. आणि गाणे रंगते शेवटी! म्हणजे गवयाची सर्वांत चढी तान तबकडीच्या सर्वांत वाईट जागी पडे. नोएल पेम्बर्टन बिलिंग या इंग्रज गृहस्थाने, जो आधी पार्लमेंटाचा सभासदही होता, १९२२ च्या सुमारास यावर उपाय काढला. सुई आत जाईल तसतसे फेरे वाढवीत न्यायचे, म्हणजे वाटेची चाल सारखी राहील. त्यासाठी त्याने एक जोडयंत्रही विकायला काढले. कल्पना खरी होती, कंपनी बुडाली. यंत्रांच्या इतिहासात अशी वेळेआधी जन्मलेली पोरे पुष्कळ आहेत.

सुई जाऊन प्रकाश आला तो हॉलंडमध्ये. आइंडहोव्हन येथील फिलिप्सच्या प्रयोगशाळेत १९६९ पासून चित्रे साठविणाऱ्या तबकडीवर काम चालू होते, आणि १९७२ साली ती लोकांना दाखविण्यात आली. बाजारात ती अमेरिकेत १९७८ च्या डिसेंबरात आली. या लेझर-तबकडीत दोन्ही चाली होत्या. एका जातीत आस सारखा फिरे. युरोपच्या आणि आपल्या दूरदर्शनच्या पद्धतीत सेकंदाला २५ चित्रे लागतात, म्हणून मिनिटाला १५०० फेरे, एका फेऱ्यात नेमके एक चित्र. त्यामुळे चित्र जागच्या जागी थांबवता येई. किरणाने तोच फेरा पुन्हापुन्हा वाचला की झाले. दुसऱ्या जातीत वाटेची चाल सारखी ठेवीत आणि किरण बाहेर सरकेल तसे फेरे कमी करीत. अमेरिकेत पहिल्या जातीच्या एका बाजूवर ३० मिनिटांचे चित्र मावे, दुसरीच्या बाजूवर ६० मिनिटांचे. चाल बदलताच जागा दुप्पट झाली, कारण कडेची ऐसपैस वळणे वाया जाईनात. पण चित्र थांबवण्याची सोय गेली. काही मिळवायचे तर काही सोडावे लागते, हे वाटाघाटीला बसणाऱ्या माणसाला कळते.

गाण्यासाठी फिलिप्स आणि जपानची सोनी यांनी मिळून सीडीचे नियम १९८० साली पक्के केले. त्यांनी जागेचा पक्ष घेतला. किरणाखालून वाट सेकंदाला १.२ ते १.४ मीटर जावी, बस्स. ही वाट आतून बाहेर जाते, ग्रामोफोनच्या उलट. सुरुवातीला आत असताना तबकडी मिनिटाला सुमारे ५०० फेरे घेते, कडेला पोचेपर्यंत २०० वर येते. वाटेची दोन वळणे एकमेकांपासून मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या सुमारे दीडपट अंतरावर असतात. उलगडली तर पाच किलोमीटरांहून लांब भरेल. आमच्या हिशेबाने आस सारखा ठेवला असता तर या तबकडीवर ७४ मिनिटांऐवजी पाऊण तासाचेच गाणे मावले असते.

आता खरा प्रश्न. पाचशेपासून दोनशेपर्यंत वेग उतरवायचा, तोही क्षणाक्षणाला, तर कोणत्या क्षणी किती हे यंत्राला कोण सांगते? आम्हाला वाटे, आत कोठेतरी कोष्टक असेल: इतक्या मिनिटाला इतके फेरे. तसे काही नाही. असूही शकत नाही, कारण एका कारखान्याची तबकडी १.२ च्या चालीने कोरलेली असते, दुसऱ्याची १.३ च्या. हुकूम आसाला नाही आणि गव्हर्नरलाही नाही. हुकूम येतो तो लिहिलेल्या मजकुरातून.

ते असे. गाणे एक आणि शून्य या अंकांत मोडून वाटेवर खड्डे आणि सपाटी यांच्या रूपाने कोरलेले असते. सर्वांत आखूड खूण तीन मात्रांची, सर्वांत लांब अकरा मात्रांची. याच्या आत किंवा बाहेर खूण असायची नाही, असा नियम. ५८८ मात्रांचा एक चरण होतो, आणि प्रत्येक चरणाच्या आरंभी अकरा मात्रांच्या दोन खुणा एकापाठोपाठ एक ठेवलेल्या असतात. मजकुरात इतरत्र ही जोडी येऊ द्यायची नाही अशी तजवीज केलेली आहे. सम म्हणा हवे तर. तबकडी आत सरकवली की मोटार तिला अंदाजाने धक्का देते. किरणाला अजून काही वाचता येत नाही, पण खुणा सर्रकन जाताना दिसतात. त्यांतली सर्वांत लांब कोणती एवढेच यंत्र मोजते. ती अकरा मात्रांची असणार हे त्याला ठाऊक आहे. ती फार लवकर निघून गेली तर तबकडी धावते आहे, रेंगाळली तर मंद आहे. वेग जवळपास आला की समा सापडू लागतात, सेकंदाला ७३५० समा, आणि मग यंत्र त्यांच्या ठेक्यावर आपले घड्याळ मिळवून घेते.

तरीही तबकडी थोडी डुगडुगते. भोक बरोबर मध्यावर नसते, मोटारीत दोष असतो. ग्रामोफोनवर अशी डुगडुग सरळ सुरात उतरे. सीडीत उतरत नाही, याचे कारण या शहरातल्या माणसाला एका वाक्यात सांगता येईल: मध्ये टाकी आहे. नळाला रोज पाणी न येणे हे आपण वर्षानुवर्षे पाहिले, पण घरातली तोटी रोज चालत होती. आपल्या पाणचक्कीलाही पाणी आधी हौदात साठवून मग वरून सोडावे लागते. सीडीच्या यंत्रात तबकडीवरून वाचलेले अंक ज्या लयीने येतील त्या लयीने एका लहान स्मरणटाकीत पडतात आणि दुसऱ्या टोकाने स्फटिकाच्या घड्याळाच्या ठोक्यावर बाहेर काढले जातात: सेकंदाला ४४,१०० नमुने, एक कमी नाही, एक जास्त नाही. टाकी निम्म्याच्या वर भरू लागली की मोटारीला निरोप जातो, हळू. उतरू लागली की, जरा चल. टाकीत तरंगता गोळा ठेवून नळ बंद करण्याची ही युक्ती आहे. म्हणजे आस मालक राहिला नाही. वाचन किती झाले आणि ऐकणाऱ्याला किती लागते, यावर त्याने फिरायचे. गेली तीस वर्षे आम्ही पट्ट्याच्या गतीविषयी जे मागत आलो ते एका खेळण्याएवढ्या यंत्रात कोणीतरी बसवून ठेवलेले पाहून आम्हाला गंमत वाटली, हे नाकारीत नाही.

ही यंत्रे १ ऑक्टोबर १९८२ ला जपानात विक्रीस आली. त्याच वर्षी १८ जानेवारीपासून मुंबईच्या गिरण्यांत दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप चालू होता, सुमारे अडीच लाख माणसे बाहेर होती. जपानातल्या दुकानांत तबकड्या लागत असताना परळ-लालबागची चाके उभी होती. दोहोंचा कार्यकारणसंबंध नाही, पण सनावळी शेजारी शेजारी मांडली की असे दिसते. आणि युरोपात या तबकड्या प्रथम कोठे छापल्या? हॅनोव्हरशेजारी लांगेनहागेन येथे. गौहर जानच्या तबकड्या ज्या गावात छापल्या गेल्या त्याच गावच्या वेशीवर, ऐंशी वर्षांनी.

पुढे १९८५ च्या सुमारास याच तबकडीवर संगणकाचा मजकूर ठेवण्याची रीत निघाली, आणि सारी व्यवस्था पुन्हा उलटली. गाणे ऐकायला एकपट चाल पुरे होती. त्याहून लवकर ऐकून करायचे काय? आपल्याकडे सिनेमाच्या व्हीसीडी आल्या त्याही एकपट चालीच्याच, म्हणून एक सिनेमा दोन-तीन तबकड्यांत विभागलेला असे. गुलमंडी-औरंगपुऱ्याकडून भाड्याने आणलेल्या जोडीतली दुसरी ओरखडलेली निघाली की घरातल्या पोरांचा हिरमोड होई. पण संगणकाला मजकूर जितका लवकर मिळेल तितका हवा. मग दुप्पट, चौपट, आठपट अशी चढाओढ लागली. बारा पटीपर्यंत वाटेची चाल सारखी ठेवण्याचा नियम पाळला गेला. त्यापुढे तो परवडेना. आत असताना मिनिटाला सहा हजार फेरे आणि कडेला उडी मारली की चोवीसशे, पुन्हा आत आले की सहा हजार. प्रत्येक उडीला मोटारीने दम खायचा किंवा घ्यायचा, आणि तोवर वाचन थांबलेले. शेवटी कारखानदारांनी चाल सोडली आणि आस सारखा फिरवू लागले. गव्हर्नरचे राज्य पुन्हा आले.

खोक्यावर आकडा छापला ५२. हा आकडा नीट वाचावा. आस सारखा असेल तर चाल कडेलाच जास्त. बावन्नपट वाचन होते ते शेवटच्या वळणावर. त्याच फेऱ्यांना आत हिशेब करा, बावीसपट येते. आणि मजकूर आतून लिहिला जातो, म्हणजे अर्धी भरलेली तबकडी त्या बावन्नाचे तोंडही पाहत नाही. कडेच्या बैलाची धाव दाखवून साऱ्या पातीची मजुरी सांगण्यासारखे हे आहे. वेतनकराराच्या मसुद्यात 'कमाल' हा शब्द आला की आम्ही चष्मा पुसतो. या खोक्यांवरही तो बारीक अक्षरात असे. त्या गतीला तबकडी मिनिटाला अकरा हजारांच्या आसपास फेरे घेते आणि तिची कडा ताशी सुमारे २४० किलोमीटरने धावते. मध्याजवळ तडा गेलेली तबकडी अशा वेळी यंत्रातच फुटून तिचे तुकडे झाल्याची उदाहरणे आहेत. चढाओढ तेथेच थांबली. दुसऱ्याच काही लोकांनी एका किरणाचे सात करून शेजारशेजारची वळणे एकदम वाचली आणि कमी फेऱ्यांत जास्त काम काढले. शहाणपणाचा मार्ग तो होता, पण महाग पडला.

कोऱ्या तबकडीची गोष्ट राहिली. लिहिणाऱ्या यंत्राने वेग कशावरून ठरवायचा? तेथे तर अजून मजकूरच नाही. यासाठी कोरी तबकडी खरी कोरी नसतेच. तिच्यावर आधीच एक अतिसूक्ष्म चर पाडलेला असतो, आणि तो सरळ न जाता नागमोडी जातो. एकपट चालीला ही नागमोड सेकंदाला २२,०५० वेळा हेलकावते. हेलकावे जास्त आले तर मोटार मंद करायची, कमी आले तर वाढवायची. पोराच्या पाटीवर आधी रेघा आखून द्याव्यात तसे.

हे सारे आता जुने झाले. तबकड्या पुरविणारी नोएड्याची मोझर बेअर कंपनी आणि आपल्या चितेगावात दूरदर्शन संच करणारी व्हिडिओकॉन, दोन्ही २०१८ साली दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणासमोर होत्या. त्यांच्या कामगारांचा विषय मोठा आहे, तो या व्याख्यानात आणीत नाही. पण तबकड्या घरोघर कपाटांत आहेत: लग्नाच्या, आजीच्या ओव्यांच्या, आमच्या सभांच्या. त्या नव्या साठवणीत उतरवून घेताना बावन्नाचा मोह धरू नये. ओरखडलेली किंवा रंग उतरलेली तबकडी वाचताना चुका वाढल्या की यंत्र आपण होऊन वेग उतरवते. संगणकावर आधीच कमी वेग नेमून द्यावा आणि त्याला अर्धा-पाऊण तास लागला तर लागू द्यावा.

जुन्या नाट्यगीतांची बाब याहून नाजूक आहे. सीडीचे स्फटिकाचे घड्याळ जे दिले ते बिनचूक परत देते. ७४ फेऱ्यांवर मुद्रित झालेली तबकडी कोणी ७८ वर वाजवून सीडीवर उतरवली, तर काळी एकात गाणारा माणूस जवळजवळ पांढरी दोनात गाऊ लागतो, तीन मिनिटांचे पद दोन मिनिटे एक्कावन्न सेकंदांत आटोपते, आणि ही चूक मग सीडीच्या प्रत्येक प्रतीत अढळ होऊन बसते. आसाच्या यंत्राने केलेली चूक वाचनाच्या यंत्राला दिसत नाही. त्याच्या दृष्टीने सगळे समेवर आहे. ऐकणारा म्हणतो, जुनी माणसे काय चढ्या पट्टीत गात! गातही असतील. पण आधी आस तपासावा. मुंबईत १९९० साली निघालेली रेकॉर्ड संग्राहकांची संस्था आहे, आणि घरोघर असे जपणारे लोक आहेत. त्यांना ही अडचण ठाऊक आहे. साथीला ऑर्गन किंवा पेटी असेल तर एक वाट सापडते. ती वाद्ये गवयाच्या गळ्यासारखी वरखाली होत नाहीत. त्यांचा षड्ज दोन पट्ट्यांच्या मध्येच लोंबकळत असेल, तर वेगाचा संशय घ्यावा, जवळच्या पट्टीवर येईतो फेरे कमीजास्त करून पाहावेत, आणि त्याच गायकाच्या त्याच काळातल्या दुसऱ्या तबकडीशी ताडून घ्यावे, कारण जुन्या पेट्याही सगळ्या एका मापाने लावलेल्या नसत. मग उतरवलेल्या प्रतीच्या पाकिटावर शाईने लिहावे: किती फेऱ्यांवर वाजवली, आणि ते कोणत्या वाद्याच्या सुरावरून ठरवले.